ऐंशीव्या वर्षीचे ‘सरप्राईज’



गेल्या काही वर्षांत माझ्या दवाखान्यात एक नवाच प्रश्न येऊ लागला आहे. रक्तदाब, गुडघे, मोतीबिंदू हे जुने प्रश्न आहेतच, परंतु हल्ली चाळिशी-पन्नाशीतला मुलगा किंवा मुलगी दाराशी थबकते, आई किंवा बाबा बाहेर बाकावर बसले आहेत याची खात्री करून घेते आणि आवाज उतरवून विचारते, “डॉक्टर, बाबांची पंचाहत्तरी आहे. त्यांना काही न सांगता बाहेर न्यायचं आहे. चालेल ना?” कोणाला कोकण दाखवायचे असते, कोणाला काशी, तर कोणाला आईचे जुने गाव. ‘सरप्राईज’ हा शब्द आता आपल्या घरांतून पुरता मराठी झाला आहे.

हेतू चांगला असतो, यात शंका नाही. तरीही मी लगेच होकार देत नाही. तरुण माणसाला अनपेक्षित गोष्टीचा आनंद होतो तेव्हा त्यात शरीराचा फारसा विचार करावा लागत नाही. शरीर मुकाट्याने मागोमाग येते. ऐंशीच्या घरातले शरीर असे मागोमाग येत नाही. ते वेळापत्रकावर चालते. उपाशीपोटी घ्यायची गोळी, त्यानंतरचा चहा, मग शौचाची वेळ, मग आंघोळ, मग नाश्ता आणि त्यावरच्या तीन गोळ्या. हा क्रम मोडला की दिवसभर सगळेच बिनसते. “चला, बसा गाडीत, कुठे ते विचारू नका,” असे म्हणताना आपण त्या माणसाच्या हातातले घड्याळच काढून घेत असतो.

याच्या उलट दुसरे टोकही मी रोज पाहते. काही झाले तर काय, या भीतीने घरच्यांनी आजी-आजोबांना नेणेच सोडून दिलेले असते, किंवा त्यांनी स्वतःच जाणे सोडलेले असते. दहा-दहा वर्षे गल्लीपलीकडे न गेलेली माणसे आहेत. कारण विचारले की उत्तर येते, “गुडघे.” गुडघे दुखत असतातच, पण गुडघे हे चारचौघांत सांगता येण्याजोगे कारण आहे, हे पंचवीस वर्षांच्या व्यवसायात मी शिकले. त्यामागे पुष्कळदा दुसरे एक कारण दडलेले असते आणि ते कोणी उच्चारत नाही.

आता जे लिहिते आहे ते माझ्या सासूबाईंविषयी आहे आणि त्यांच्या संमतीने लिहिते आहे. मजकूर त्यांना वाचून दाखवला तेव्हा त्यांनी एकच अट घातली. “लिही. पण नाव नको टाकू. शेजारची हे मासिक-पाक्षिक सगळं वाचते.”

यंदाच्या फाल्गुनात त्यांना ऐंशी वर्षे पूर्ण झाली. कागदोपत्री त्यांचा जन्म 1 जुलैचा. त्या पिढीतल्या निम्म्या मुलांचा जन्म गुरुजींनी जून-जुलैतच लावून दिला आहे. घरात आधी सहस्रचंद्रदर्शनाचा विषय निघाला. हजार पौर्णिमा म्हणजे साडेएकोणतीस दिवसांच्या हिशेबाने ऐंशी वर्षे आणि वर सुमारे दहा महिने होतात, तेव्हा त्याला अजून अवकाश होता. शिवाय सभागृह, दोनशे पाने, तुला आणि सत्कार यांचे सासूबाईंना वावडे. माझ्या यजमानांनी ठरवले की आईला गाडीत घालून नागझिऱ्याला न्यायचे आणि शेवटपर्यंत सांगायचे नाही.

नागझिराच का, हेही सांगायला हवे. सासूबाईंचे माहेर साकोलीजवळचे. जंगल गावाच्या शिवेला लागून होते. परंतु तिथल्या मुलींना जंगल म्हणजे मोहफुले, तेंदूची पाने आणि सरपण. ते पाहायला म्हणून कोण जाणार? 1970 मध्ये नागझिरा अभयारण्य झाले तेव्हा त्या नागपुरात दोन मुलांच्या आई होत्या. पुढे व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ वाचनालयातून आणून त्यांनी दोनदा वाचले आणि प्रत्येक वेळी म्हणाल्या, “आमच्या घरामागचं रान, अन् मले पुस्तकात पाहा लागते.” हे वाक्य मुलाने लक्षात ठेवले होते.

अडचण अशी होती की सासूबाई गेली सहा वर्षे लांबच्या प्रवासाला निघाल्याच नव्हत्या. नात्यातली तीन लग्ने झाली, पुण्याच्या दिराकडे नवे घर झाले, त्या गेल्या नाहीत. कारण अर्थातच गुडघे. खरे कारण दोन वर्षांपूर्वी त्यांनी एकट्या मला सांगितले होते. लघवीची भावना झाली की थांबता येत नाही, दारापर्यंत पोहोचण्याआधीच कपडे ओले होतात. सांगताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “बाबूले सांगू नको.” मी त्या घरची सून असले, तरी त्या क्षणी मी डॉक्टर होते. रुग्णाचे गुपित रुग्णाच्या मुलालाही सांगता येत नाही. मग तो मुलगा आपला नवरा का असेना.

अशी आमच्या घरात दोन गुपिते झाली. मुलाने आईपासून लपवलेला प्रवास आणि आईने मुलापासून लपवलेले कारण. दोन्ही मला ठाऊक होती.

या विकाराबद्दल थोडे सांगते, कारण आपल्या वाचकांपैकी अनेकींना, आणि अनेकांनाही, तो आहे. मूत्राशय पुरते भरण्याआधीच आकुंचन पावू लागते आणि घाई होते. वयोमानाने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल होतात, बाळंतपणांनी ते आधीच ताणलेले असतात. पाळी गेल्यानंतर तिथली त्वचा पातळ व कोरडी होते. मधुमेह, बद्धकोष्ठता, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग आणि काही औषधे यांनी त्रास वाढतो. पुरुषांमध्ये प्रोस्टेट ग्रंथीची वाढ हे नेहमीचे कारण. हा वयाचा अटळ भाग नव्हे. बहुतेकांना उपचारांनी पुष्कळ आराम पडतो.

मात्र यावर प्रत्येक जण स्वतःच एक उपाय शोधून काढतो आणि तोच घातक ठरतो. तो उपाय म्हणजे पाणी न पिणे. पाणी कमी प्यायले की लघवी दाट होते, दाट लघवी मूत्राशयाला चुरचुरते आणि घाई उलट वाढते. संसर्गाला वाव मिळतो, शौचाला कडक होते, उभे राहताना रक्तदाब उतरून चक्कर येते. उन्हाळ्यात तर एका दिवसात वृद्ध माणूस भ्रमिष्टासारखे बोलू लागतो आणि घरच्यांना वाटते की डोक्यावर परिणाम झाला.

सासूबाईंची लघवी व साखर तपासली, बद्धकोष्ठता आटोक्यात आणली, पाच वेळचा चहा दोनवर आणला. घाई होण्याची वाट न पाहता दर दोन तासांनी घड्याळ लावून जायचे आणि जमेल तसतसे हे अंतर दहा-पंधरा मिनिटांनी वाढवत न्यायचे, ही सवय लावली. सोबत तळाच्या स्नायूंचा व्यायाम. वारा सरू नये म्हणून आपण जसे आवळून धरतो तसे पाच अंक मोजेपर्यंत आवळायचे, मग तितकाच वेळ सैल सोडायचे. एका वेळी दहादा, दिवसातून तीन वेळा. श्वास रोखायचा नाही आणि पोट आवळायचे नाही. याचा गुण यायला तीनेक महिने लागतात, आणि बहुतेक जणी तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात. सासूबाईंनी सोडला नाही. टीव्हीवरची मालिका पाहताना त्या तो करीत आणि घरात कोणाला पत्ता लागत नसे. घरातला त्रास बराच ओसरला. पण घरात संडास पलंगापासून बारा पावलांवर होता. गाडीत बसायचे म्हटले की पुन्हा तीच भीती.

आता त्या रस्त्याकडे वळते. नागपूरहून पारडी, मौदा, भंडारा, लाखनी, साकोली, देवरी असा पूर्वेला जाणारा हा रस्ता आज राष्ट्रीय महामार्ग 53 म्हणून ओळखला जातो. जुनी माणसे अजून त्याला सहा नंबरच म्हणतात. त्याही आधी इंग्रजांच्या मध्य प्रांतात त्याचे नाव होते ‘ग्रेट ईस्टर्न रोड’. नागपूर आणि रायपूर यांना जोडणारी ही मुख्य वाट होती. रायपूर-भिलाईकडे आजही या रस्त्याला ‘जी. ई. रोड’ म्हणतात, त्यातला जी. ई. म्हणजे काय, हे तिथल्या दुकानदारांनाही ठाऊक नसते. त्याच्याही पूर्वी छत्तीसगढचे धान्य आणि समुद्राकडचे मीठ पाठीवर घेऊन बंजाऱ्यांचे तांडे या प्रदेशातून जात. पुढे 1880 च्या दशकात रेल्वे आली आणि बैलांची ती वाहतूक संपली.

सासूबाईंना हा रस्ता पुस्तकातून माहीत नाही. लग्न होऊन त्या याच रस्त्याने बसमध्ये बसून नागपूरला आल्या. दोन्ही बाजूंना आंब्याची आणि चिंचेची झाडे होती, त्यांच्या फांद्या वर एकमेकींना भिडत, असे त्या सांगतात. साहेबांसाठी डाकबंगले होते, बैलांसाठी पाणवठे होते. शंभर किलोमीटरच्या वाटेवर बायकांसाठी मात्र एकही आडोसा नव्हता. पुरुष बस थांबली की झाडामागे जात. बायका बसून राहत. “नागपूरले जायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासून पाणी बंद. आई म्हणे, घोट घोट ओठ ओले कर,” हे त्यांनी मला सांगितले तेव्हा मला उमगले की प्रवासाआधी पाणी सोडणे ही त्यांची म्हातारपणची सवय नव्हती. साठ वर्षांपूर्वी या रस्त्यानेच ती लावली होती. ऐतिहासिक रस्त्यांवर लिहिणारे पूल, मैलाचे दगड आणि सराया यांची नोंद करतात. बायकांनी किती तास तहान मारली याची नोंद कुठे असते? ती त्यांच्या मूत्रपिंडांत आणि मूत्राशयांत असते. आम्ही डॉक्टर ती उशिरा वाचतो.

मी एक मध्यम मार्ग काढला. यजमानांना म्हटले, “अहो, कुठे जायचे ते सांगू नका, पण जायचे आहे, किती वेळ बसायचे आहे आणि कुठे थांबायचे आहे, हे मी आईंना सांगणार.” त्यांना ते आवडले नाही. मग सरप्राईज राहिलेच काय, असा त्यांचा सवाल होता. मी कारण सांगू शकत नव्हते. वैद्यकीय सल्ला आहे एवढेच म्हणाले आणि दोन दिवस घरात थोडी धुसफूस झाली. सासूबाईंना मी आठ दिवस आधी सांगितले : शनिवारी सकाळी साडेआठला निघायचे, तीन तासांच्या आत पोहोचायचे, तासाभराच्या आत प्रत्येक वेळी थांबायचे आणि ती ठिकाणे मी स्वतः पाहून ठेवली आहेत. कुठे जायचे, हे त्यांनी विचारलेच नाही. त्यांनी विचारले ते एवढेच : “तिथला संडास बसायचा आहे की खुर्चीचा?”

ती ठिकाणे मी खरोखर पाहून ठेवली होती. आधीच्या रविवारी साकोलीला एका आरोग्य शिबिरासाठी जाणे झाले, तेव्हा जाता-येता मी पेट्रोल पंप आणि ढाबे यांची स्वच्छतागृहे उघडून पाहत होते. गाडी चालवणारा मुलगा माझ्याकडे संशयाने पाहू लागला होता! दाराला कडी आहे का, पाणी आहे का, पायरी किती उंच, धरायला काही आहे का, फरशी ओली तर नाही. वृद्धांना प्रवासाला नेणाऱ्या प्रत्येकाने हे करावे, निदान फोनवरून तरी विचारून घ्यावे. भारतीय बैठकीवर ठेवता येणारी घडीची कमोड-खुर्ची वैद्यकीय साहित्याच्या दुकानात मिळते. ती आम्ही डिकीत टाकली. एका पिशवीत शोषक पॅड, दोन जादा परकर, गाऊन, ओले रुमाल आणि प्लॅस्टिकची पिशवी, हे सगळे नातीने भरले. तिला सांगावे लागलेच. आणि तिने ते इतक्या सहजपणे घेतले की मला आपल्या पिढीचेच आश्चर्य वाटले.

औषधांचे एक सांगायला हवे. सासूबाईंना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी एक गोळी आहे. तशा गोळ्यांचा परिणाम घेतल्यानंतरचे काही तास जोरात असतो. प्रवासाच्या दिवशी ती सकाळऐवजी पोहोचल्यावर दुपारी दिली. हे प्रत्येकाला चालत नाही. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारात गोळी पुढे-मागे करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. आणि गोळी अजिबात टाळणे, जे पुष्कळ जण गुपचूप करतात, ते तर मुळीच नको. मधुमेही माणसाने इन्सुलिन किंवा गोळी घेतली की जेवण वेळेवर मिळेल याची तजवीज हवी, खिशात साखर हवी.

शनिवारी निघालो. पारडी ओलांडतो तोच मागच्या आसनावरून आवाज आला, “हा तर भंडारा रोड.” मुलाचा चेहरा पडला. त्यावर सासूबाई म्हणाल्या, “चूप राहा. सांगू नको. मले ओळखू दे.” तेथून पुढे सरप्राईज मुलाच्या हातून आईच्या हातात गेले. रामटेक नाही, कारण तो रस्ता वेगळा. आंभोरा असेल. आंभोरा नसेल तर भंडाऱ्याची मावसबहीण. प्रत्येक फाट्यावर त्या एकेक नाव खोडत गेल्या.

मौद्याच्या आधी पहिला थांबा. त्यांना घाई नव्हती. तरीही घड्याळाप्रमाणे जाऊन आल्या. गाडीतून उतरताना आधी दोन्ही पाय बाहेर, मग अर्धा मिनिट तसेच बसणे, मग आधार घेऊन उभे राहणे, हा क्रम मी त्यांना घालून दिला आहे. बराच वेळ बसून एकदम उठले की रक्तदाब उतरतो आणि वृद्ध माणसे गाडीच्या दाराशीच पडतात. पाच मिनिटे चालल्या, पोटऱ्या हलवल्या. पाण्याचा अर्धा पेला मी पुढे केला. त्यांनी तो पाहिला, एक घोट घेतला आणि परत दिला. मी आग्रह केला नाही.

रस्ता आता चौपदरी आहे. “झाडं कुठी गेली?” असे त्या तीनदा म्हणाल्या. तिसऱ्यांदा कोणी उत्तर दिले नाही. मात्र दूर शेतांच्या बांधांवर पळस ऐन भरात होता आणि तो त्या मोजत होत्या. भंडाऱ्याला वैनगंगा आली. कारध्याचा जुना लहान पूल पुराच्या दिवसांत पाण्याखाली जातो. लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात माहेरी जाताना त्यांची बस नदीच्या काठावर संध्याकाळपासून सकाळपर्यंत अडकली होती. मुलाने ही गोष्ट पुराची गोष्ट म्हणून शंभरदा ऐकली होती. या वेळी त्यांनी तिचा दुसरा भाग सांगितला. बसमध्ये सहा बायका होत्या. रात्री अंधारात एकीने लुगडे धरून आडोसा केला आणि पाचही जणी एकेक करून जाऊन आल्या. नव्या नवरीला मात्र सासरच्या माणसांसमोर उठायची लाज वाटली. त्या सकाळपर्यंत बसून राहिल्या. “ताप आला होता मले दुसऱ्या दिवशी,” त्या म्हणाल्या आणि रुपयाचे नाणे काढून नदीत टाकायला मुलाकडे दिले. गाडी थांबवता येत नव्हती. नाणे माझ्या पर्समध्ये राहिले.

साकोलीला गाडी डावीकडे वळली आणि त्या बोलायच्या थांबल्या. माहेरचे गाव दुसऱ्या बाजूला होते. बऱ्याच वेळाने, पिटेझरीची पाटी दिसल्यावर, म्हणाल्या, “नागझिरा?” मुलाने मान हलवली. त्यांनी पदराने चष्मा पुसला. एवढेच. टाळ्या नाहीत, केक नाही. केक नातीने रात्री कापला आणि तो साखर कमी घातलेला असल्याने कोणालाच आवडला नाही.

मुक्काम प्रवेशद्वाराबाहेर केला होता. परक्या जागेतली रात्र हा वृद्धांच्या प्रवासातला सर्वांत धोक्याचा भाग असतो, गाडीतला वेळ नव्हे. झोपेतून उठल्यावर दार कुठे, पायरी कुठे हे उमजत नाही; पडणे होते, कधी माणूस घाबरून असंबद्ध बोलू लागतो. उजेड असताना त्यांना पलंगापासून संडासापर्यंत दोनदा चालवून आणले, कमोड-खुर्ची पलंगाशेजारी ठेवली, उशाशी बॅटरी आणि चष्मा ठेवला, एक मंद दिवा रात्रभर जळत ठेवला. मी त्याच खोलीत झोपले. जंगलात मोबाईलची रेंज मिळेलच असे नसते, म्हणून साकोलीच्या सरकारी रुग्णालयापर्यंत किती वेळ लागतो हे आधीच विचारून ठेवले होते. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यभर आहे. पण ती बोलावण्यासाठी कुठे उभे राहिले की फोन लागतो, हे मुक्कामाच्या ठिकाणी विचारायला लाजू नये.

सकाळच्या सफारीचा प्रश्न कठीण होता. ऐंशी वर्षांच्या स्त्रीची हाडे ठिसूळ असतात. उघड्या जिप्सीत मागच्या उंच आसनावर, मागच्या चाकांच्या वर बसून एक जोरदार दणका बसला तरी मणका दबू शकतो. असे रुग्ण मी पाहिले आहेत. मी त्यांना हे सगळे स्पष्ट सांगितले आणि निर्णय त्यांच्यावर सोपवला. त्या म्हणाल्या, “वाघ नाही दिसला तरी चालते. तलाव दाखव.” वाटाड्याने आपली पुढची जागा दिली आणि तो मागे बसला. चालकाला गाडी सावकाश न्यायला सांगितले. खाली उशी, पाठीशी उशी, कानाला मफलर. फाल्गुनातही पहाटे त्या रानात बोचरा गारठा असतो, आणि उघड्या गाडीत तो दुपटीने लागतो.

ऐन, बीजा, धावडा, मोह. सासूबाई झाडे नावाने ओळखत होत्या आणि वाटाडा मागून दुजोरा देत होता. गव्यांचा कळप रस्त्याच्या कडेला उभा होता. वाघ दिसला नाही. वाटाड्याने जयची गोष्ट सांगितली. हा प्रसिद्ध वाघ नागझिऱ्यात जन्मला आणि 2013 मध्ये गावे-शेते ओलांडून उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात पोहोचला. त्याच वर्षाच्या अखेरीस नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. सासूबाईंनी लक्ष देऊन ऐकले आणि विचारले, “एकटाच गेला? कोणाले न सांगता?” वाटाडा हसला. आम्ही मात्र हसलो नाही, कारण त्या थट्टा करीत नव्हत्या.

नागझिऱ्याचा तलाव सकाळच्या उन्हात अगदी निश्चल होता. पलीकडच्या काठावर चितळे पाण्याला आली होती. ती येतात, चारी बाजूंना पाहतात, मान खाली घालतात, पुन्हा वर करून पाहतात. सासूबाई त्यांच्याकडे किती वेळ पाहत राहिल्या, हे मी घड्याळात पाहिले नाही. तो दोन दिवसांतला पहिला वेळ असेल जेव्हा मी घड्याळ पाहिले नाही.

परतताना लाखनीच्या पुढे मुलाने विचारले, “आई, थेट भंडाऱ्यालाच थांबू का? उशीर होतो आहे.” मी काही बोलण्याआधी त्याच म्हणाल्या, “नाही बाबू, आत्ताच थांब. मले लघवी धरवत नाही. सहा वर्षं झाली.” भाजीत मीठ कमी आहे, असे सांगावे त्या सुरात म्हणाल्या. गाडीत क्षणभर शांतता झाली. मग त्यांनी डावा दिवा लावला आणि पुढच्या पंपावर गाडी घेतली. दार उघडून आईला उतरवताना ते क्रम विसरले नाहीत. आधी दोन्ही पाय बाहेर, मग थांबणे. मला वाटत होते तसे हे त्यांच्या लक्षात राहिलेच नव्हते असे नाही तर! आमच्याशी मात्र ते भंडाऱ्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. रात्री घरी आल्यावर विचारले, “तुला माहीत होते?” मी हो म्हटले. “बरे झाले,” एवढेच म्हणाले. ‘बरे झाले’ कशाबद्दल, ते मी विचारले नाही.

वैनगंगेवर या वेळी वाहने तुंबली होती, गाडी मुंगीच्या पावलांनी चालली होती. नाणे पाण्यात पडले. नातीने बाटली पुढे केली आणि सासूबाई पेलाभर पाणी प्यायल्या. अजून साठ किलोमीटर जायचे होते.

हा रस्ता पुढे देवरीवरून राजनांदगाव, दुर्ग, भिलाई करीत रायपूरला जातो. सासूबाईंची धाकटी बहीण भिलाईला असते, तिची गाठ पडून नऊ वर्षे झाली. वैशाखात जायचे, असे त्यांनी जाहीर केले होते. वैशाखातल्या उन्हात मी नेणार नाही, दिवाळीनंतर जाऊ, असे मी सांगितले आहे. त्यावर वाद चालू आहे. देवरीच्या पुढे कुठे कुठे थांबता येईल, खुर्चीचा संडास कुठे आहे, याची चौकशी या खेपेस मुलगा करतो आहे. त्याची एक वही झाली आहे आणि ती तो आईला दाखवतो.